वडील ७४ वर्षांचे, रिपोर्टमधे मधला कान नॉर्मल, 'ए टाइप' आलाय तरी ऐकू येईना. वयानं कानाची हाडं झिजत नाहीत का?

मी डॉक्टर नाही, पण आमच्या अण्णांना घेऊन दोन वर्षं हेच करायलोय म्हणून सांगतो. अण्णा ७८ चे, परभणीजवळ शेती.

हाडं म्हातारी होतातच. पडद्यामागं हातोडी, ऐरण अन् रिकीब अशी तीन हाडं असतात, रिकीब तर जेमतेम ३ मिलिमीटरची, अख्ख्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. त्यांच्यात खरेखुरे सांधे असतात आणि वय झालं की ते गुडघ्यासारखेच आखडतात. मला वाटलं, चला, सापडलं कारण! पण गंमत अशी की सांधे आखडले तरी आवाज आत पोचायला फारशी अडचण येत नाही. म्हातारपणाचं बहिरेपण बहुतेक वेळा त्याच्याही पुढं, आतल्या कानात असतं, तिथल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत. तुम्ही 'ए टाइप' लिहिलंय ना, कानात रबरी बूच घालून हवेचा दाब कमीजास्त करतात त्या टेस्टचं, त्याचा अर्थ पडदा आणि हाडं नीट हलायलेत एवढाच. ऐकू किती येतं हे ती टेस्ट सांगतच नाही.

आता आमची फजिती ऐका. पहिल्या सेंटरवाल्यानं मोठा हेडफोन लावून ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची टेस्ट केली, रिपोर्ट आला 'मिक्स्ड', म्हणजे मधल्या कानातही दोष, ऑपरेशनचं बघा म्हणाला, आणि आमच्या घरी आठ दिवस नुसती रडारड. दुसरीकडच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, म्हणल्या दाबाची टेस्ट 'ए टाइप' आहे आणि कानामागच्या हाडावरून थेट आतल्या कानाला आवाज दिला की त्यामानानं बरं ऐकू येतंय, मग हेडफोनवर एवढा फरक कसा, तोही २००० हर्ट्झच्या पुढं, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांनाच? मग त्यांनी हेडफोन काढून फोमचे छोटे बोळे कानात घातले आणि परत टेस्ट केली, तर फरक गायब! म्हाताऱ्या माणसाच्या कानाच्या तोंडाशी कूर्चा सैल पडते, हेडफोन दाबून बसला की कानाचं भोकच बंद होतं. दोष मधल्या कानात नव्हता, हेडफोनच्या दाबण्यात होता. तुमच्या वडिलांची टेस्ट कशानं केली तेवढं विचारून घ्या, आणि आधी मळ काढला होता का तेही, म्हातारपणी मळ वाळून घट्ट बसतो.

आतला कान गेला की बारीक, म्हणजे उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळं आवाज येतो पण शब्द कळत नाही. मी 'काठी' म्हणलं की अण्णा 'पाटी' घेऊन यायचे. आणि जोरात बोललं की "कशाला ओरडायलास, मी बहिरा आहे का?" हाही आतल्या कानाचाच प्रकार, हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम असह्य होतो. समोर बसून, तोंड दिसंल असं, सावकाश बोलत जा.

एकच कान अचानक गेला असंल तर मात्र वय झालंय म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी ईएनटीला दाखवा.

आमच्या अण्णांना शेवटी ऐकायची मशीन बसवली, ठीक चाललंय. फक्त हरिपाठाला बसले की काढून खिशात ठेवतात, टाळ डोक्यात जातात म्हणे.