एका कीबोर्डवर दोन पैलवान
अरे, मारामारीचा गेम बनवायचाय म्हणतोस, पण पहिल्याच गेममध्ये बारा पात्रं कशाला? दोनच घे. छत्रीवाले सदाशिवपेठी आजोबा आणि हेल्मेट न घातलेला स्कूटरवाला, एवढ्यावर अख्खी गंमत उभी राहते. बनवायला गोडो (Godot) हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर घे, फुकट आहे.

ऑनलाइनच्या भानगडीत आत्ता पडू नकोस, एकाच कीबोर्डवर दोघांना भांडू दे. पण कळा नीट निवड. बरेच स्वस्त कीबोर्ड एकदम तीन-चार कळा दाबल्या की पुढची गिळतात. आमच्या कोथरूडच्या खोलीत मित्राची लाथ लागेचना, तो माझ्यावरच चिटिंगचा आळ घेऊन बसला! शिफ्ट सहसा अडत नाही, पण ती पाचदा दाबली की विंडोज मध्येच स्टिकी कीज (शिफ्टसारखी कळ दाबून न धरता वापरायची सोय) चालू करू का, असं विचारतं. ते आधी बंद कर. सरळ एकाला गेमपॅड दिलास तर उत्तम.

खरी मजा फटक्यात. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) धरल्या तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. छत्री बसली की दोघांनाही ४-५ फ्रेम जागीच गोठव, मग आजोबांचं "दुकान बंद आहे!" वाजव. (आवाज स्वतःचाच, चादरीखाली बसून रेकॉर्ड केलेला.) गोठवलं नाहीस तर चित्रं कितीही भारी काढ, फटका फुसकाच वाटतो.