पायताणाचे शब्द आणि खोडणारे हात

प्रश्न : आम्ही सहाजण कोल्हापुरी चपलेच्या धंद्यातले शब्द जमवतोय. कापशी, कान, वादी, वेणी, गोंडा, रापी असे. फाइल व्हॉट्सॲपवर फिरते आणि सध्या ‘शेवटची’, ‘शेवटची नवी’, ‘हीच खरी शेवटची’ अशा तीन झाल्यात. पुतण्या म्हणतो, विकी करा, म्हणजे सगळ्यांना इंटरनेटवर उघडून तिथंच बदलता येतील अशी पानं. पण कुणी येऊन खोडलं तर?
– एक निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

उत्तर : गुरुजी, पुतण्याचं ऐका. खोडण्याची भीती मलाही होती. आमच्या गल्लीच्या मंडळाचं सामान कुणाकडे ठेवलंय, याचं विकी मी केलं होतं. बिघडू नये म्हणून प्रत्येक बदलाला माझी मंजुरी लावली. दोन महिन्यांनी बघतो तर सगळी पानं माझ्याच हातची! ताशा कुणाच्या माळ्यावर आहे, हे पोरं फोन करूनच विचारत होती.

विकीत पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती राहते. कुणी, कधी, काय बदललं ते ‘इतिहास’मध्ये दिसतं, चुकीचं वाटलं तर जुनं पान परत आणायला मिनिट लागत नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिलं विकी सुरू केलं, तेव्हापासून लिहिणाऱ्यावर विश्वास टाकायचा हीच त्याची रीत. (नाव होनोलुलू विमानतळावरच्या ‘विकी विकी’ बसवरून आलं. हवाई भाषेत विकी म्हणजे झटपट. आपल्या केएमटीच्या शहर बसला कुणी हे नाव देणार नाही.)

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर सहाजणांना जड जाईल. त्याला डेटाबेस लागतो, तो सांभाळणारा माणूसही लागतो. तुम्ही डोकुविकी हे दुसरं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, आणि पानं साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात. एकजण पान लिहीत असला की दुसऱ्यासाठी ते काही वेळ बंद राहतं, म्हणजे एकाच ओळीवर दोघांची झटापट नाही. वाचायला सगळ्यांना मोकळं ठेवा, लिहायला फक्त तुम्हा सहांना. प्रत्येकाचं खातं वेगळं हवं. एकाच पासवर्डवर सहाजण बसले तर इतिहासात सहाही वेळा तुमचंच नाव दिसेल.

आता खरं भांडण. एकाच वस्तूला एक कारागीर एक शब्द सांगेल, दुसरा दुसरा. शिक्षकी हात शिवशिवतील, पण एकाला शुद्ध ठरवून दुसरा खोडू नका. दोन्ही ठेवा, आणि कोणता शब्द कुठल्या गावचा, कुठल्या वयाच्या कारागिराकडून ऐकला, ते पुढे लिहा. मला विचाराल तर शब्दापेक्षा ही नोंदच मोलाची. दुसऱ्या शब्दाच्या नावाचं पान, डोकुविकीत वेगळं प्लगिन (जोडसाधन) बसवून, थेट पहिल्याकडे वळवता येतं.

आणि प्रत. २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या छापखान्यात पाणी शिरलं. बाड आणि त्याची नक्कल एकाच कपाटात होती. तुम्ही दर महिन्याला डोकुविकीचे ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ हे दोन फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो गावाबाहेरच्या पाहुण्यांकडे ठेवा. वरच्या मजल्यावर.