साक्षात्कार, भास की नशा? : 'सायकेडेलिक' अनुभवासाठी मराठी शब्द

कोथरूडच्या एका भाषांतरकर्तीने विचारले आहे की, मानसशास्त्रावरील लेख मराठीत आणताना सायलोसिबिन (काही अळंब्यांत आढळणारे द्रव्य) किंवा एलएसडी अशी मनाची अवस्था पालटणारी 'सायकेडेलिक' द्रव्ये घेतलेल्या व्यक्तींना येणाऱ्या आध्यात्मिक स्वरूपाच्या अनुभवाला 'साक्षात्कार' म्हणावे, 'भास' म्हणावे की सरळ 'नशा'? शिवाय 'सायकेडेलिक'ला प्रतिशब्द कोणता?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर सुटतो. हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५६ साली लेखक ऑल्डस हक्सली यांना लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला. ग्रीक 'सायकी' म्हणजे मन किंवा आत्मा आणि 'डेलोस' म्हणजे प्रकट. तोवर वैद्यकात ही द्रव्ये मनोविकृतीची नक्कल करणारी म्हणून ओळखली जात, आणि त्या नावातला रोगाचा वास ऑस्मंड यांना नको होता. पुढे १९७९ मध्ये काही अभ्यासकांनी 'एन्थिओजेन', म्हणजे अंतरी देव प्रकटवणारे, हा शब्द पुढे केला आणि काटा पार दुसऱ्या टोकाला गेला. मराठीत 'मनःप्रकटक' असे काही घडवता येईल ('मनोप्रकटक' नव्हे, विसर्गापुढे प आला की ओ होत नाही), परंतु तो वाचून कोणाला काही कळेल असे वाटत नाही. 'सायकेडेलिक' तसाच ठेवावा.

खरी अडचण अनुभवाच्या नावाची आहे. 'दारात कुणी आल्याचा भास झाला' हे वाक्य आपण दार उघडून, बाहेर कोणी नाही हे पाहून झाल्यावर बोलतो. म्हणजे 'भास' म्हणणाऱ्याने तो अनुभव खोटा ठरवलेला असतो. सायकेडेलिक द्रव्यांच्या प्रयोगांत भाग घेतलेल्या व्यक्ती नेमके उलट सांगतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली गूढानुभवाची जी चार लक्षणे मांडली, त्यांत अनुभव शब्दांत न मावणे, तो अल्पकाळ टिकणे आणि आपण तो घडवत नसून तो आपल्यावर ओढवतो असे वाटणे यांबरोबरच काहीतरी निश्चित 'कळले' ही जाणीवही आहे. ही जाणीव द्रव्याचा अंमल उतरल्यावरही टिकते, म्हणून 'भास' येथे बसत नाही. 'साक्षात्कार' त्या जाणिवेला अचूक पकडतो. पण वाक्य लेखकाचे असेल, तर जे कळले ते खरेच होते असा दाखलाही तो देऊन टाकतो. (उपहास निराळा. उशिरा उठणाऱ्या चिरंजीवांना 'आज पहाटे उठायचा साक्षात्कार कसा झाला?' असे आमच्या पेठेत विचारतातच.)

जेम्स यांचे चौथे लक्षण, म्हणजे अनुभव ओढवणे, मराठी वाक्यरचनेत आयतेच आहे. गोळी 'मी घेतली', पण अनुभव 'मला आला', साक्षात्कार 'मला झाला'. भाषांतरात 'मी गूढ अनुभव घेतला' असे लिहिले, की हे लक्षण हातचे जाते.

मग काहीतरी निश्चित कळल्याची ही खात्री येते कुठून? सायलोसिबिनचे शरीरात सायलोसिन होते आणि ते मेंदूतील सिरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या २ए या ग्राहींवर (रिसेप्टर) काम करते. केटान्सेरिन हे औषध देऊन त्या ग्राही आधीच अडवल्या, तर परिणाम बहुतांशी होतच नाहीत. स्वतःविषयीच्या विचारांशी निगडित असलेल्या मेंदूतील जाळ्याची घडी या काळात विस्कटते असेही मेंदूच्या चित्रणांत (स्कॅन) दिसले आहे. मात्र अनुभवाला देवाचे रूप येते ते एवढ्याने नव्हे. संशोधक वॉल्टर पांके यांनी १९६२ च्या गुड फ्रायडेला बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये केलेल्या प्रयोगात धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी होते. वरच्या मजल्यावरील उपासना त्यांना तळघरातील लहान प्रार्थनागृहात ऐकवली जात होती. निम्म्यांना सायलोसिबिन दिले, निम्म्यांना अंग तापून लाल करणारे निकोटिनिक आम्ल. अंग तापताच दुसऱ्या गटातील काहींना खरे औषध आपल्यालाच मिळाले असे वाटले. थोड्याच वेळात कोणाला काय मिळाले हे सर्वांना उघड झाले. गूढानुभव प्रामुख्याने सायलोसिबिनच्या गटाला आला, पण घेणारे भावी पाद्री, दिवस गुड फ्रायडेचा आणि कानांवर प्रवचन, ही मांडणीही विसरता येत नाही. मनाची पूर्वतयारी आणि भोवताल यांचा वाटा मोठा असतो, आणि या अवस्थेत मन सूचनांना अधिक वश होते.

एक धोक्याचा शब्दप्रयोग म्हणजे 'मीपणा गळणे'. आपल्याकडे त्याचा अर्थ गर्व जाणे, नम्रता येणे असा होतो. मानसशास्त्राला अभिप्रेत आहे ते 'मी' आणि 'बाहेरचे' यांतील सीमा पुसली जाणे, आणि ते कित्येकदा अतिशय भयावह असते. तेथे 'स्वभान ओसरणे' लिहावे. 'समाधी'ही टाळावी. योगसूत्रांच्या चौथ्या पादातील पहिल्याच सूत्रात सिद्धी मिळण्याच्या मार्गांत औषधी आहे हे खरे. परंतु तिसऱ्या पादात अशाच सिद्धींना समाधीतील विघ्न म्हटले आहे.

'नशा', 'कैफ', 'झिंग' हे शब्द दारूभांगेच्या गुंगीतून आलेले आहेत, आणि येथे तर पुष्कळांना अनुभव बारकाव्यांसह आठवतो. कायद्याचा संदर्भ आल्यास ही द्रव्ये १९८५ च्या 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' अधिनियमाखाली प्रतिबंधित आहेत हे सांगताना त्यातील 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' हाच शब्दसमूह घ्यावा. 'गुंगीकारक' हा त्या नावातील वेगळा वर्ग आहे.

लेखकाच्या निवेदनात मी 'गूढानुभव' किंवा 'अनुभूती' वापरेन आणि 'साक्षात्कार' फक्त अनुभव घेणाऱ्याच्या तोंडी, अवतरणचिन्हांत ठेवेन : 'सहभागी व्यक्तींपैकी अनेकांना गूढानुभव आला, त्यांतील काहींनी त्याला ईश्वराचा "साक्षात्कार" म्हटले.'