चांगला घडीचा चाकू यादीतून का उडतो

प्रिय मित्रा,

ज्या घडीच्या चाकूला नावं ठेवायला जागा नाही तो कंपनीच्या विक्रीच्या यादीतून उडतो आणि त्याच्या शेजारचा बेताचा चाकू १५ वर्षं टिकतो, हे तुला पटत नाही. पण कंपनीला दोष देण्याआधी तो चाकू मनातल्या मनात सोडवून टेबलावर मांड. पातं, दोन लाइनर (मुठीच्या आतले धातूचे पत्रे), मुठीच्या दोन पट्ट्या, त्यांच्यात अंतर राखणारा मागचा स्पेसर, पिव्होट (पातं ज्याभोवती फिरतं तो खिळा), वॉशर, पातं अडवणारी पिन, क्लिप आणि मूठभर स्क्रू. यातले बरेचसे भाग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येतात आणि प्रत्येकाची किमान ऑर्डर ठरलेली असते. एक जरी अडला तरी बाकीचे कितीही सुरेख असले तरी पडून राहतात.

सगळ्यात जास्त घोळ पोलादाचा. पावडरचं पोलाद बनवताना वितळलेल्या धातूचा फवारा मारून भुकटी करतात, ती डब्यात भरून दाब आणि उष्णता देऊन एकजीव करतात आणि मग लाटून ठरावीक जाडीचे पत्रे काढतात. हे काम टनांच्या हिशेबात चालतं. पातं ३ मिमीचं हवं असेल तर पत्रा थोडा जाड घ्यावा लागतो, कारण पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केल्यावर, पातं किंचित वाकतं आणि दोन्ही बाजू घासून सपाट कराव्या लागतात. आता ज्या मॉडेलला वर्षाला ५०० पाती पुरतात, त्याच्यासाठी वेगळ्या जाडीचा पत्रा कोण लाटून देणार? असा चाकू बहुतेक वेळा एखाद्या खपाऊ मॉडेलच्या पत्र्यावर जगत असतो. त्या मॉडेलने पोलाद बदललं की याचाही दाणापाणी संपला.

पोलाद बदलून चाकू चालू ठेवता येतो. क्रिस रीव्ह या कंपनीच्या सेबेन्झा या चाकूने बीजी-४२ हे पोलाद सोडून एस३०व्ही घेतलं, पुढेही पोलादं बदलली, आणि तो आजही बनतो. पण त्याला गिऱ्हाईक आहे. बदलाचा खर्च चुकत नाही: पाणी देण्याचं तापमान वेगळं, थंड करायची रीत वेगळी, पोलादात व्हॅनेडियम (झीज कमी करणारा धातू) जास्त असेल तर घासायचे पट्टे भराभर झिजतात आणि एकेका पात्याला वेळ जास्त लागतो. कमी खपाच्या मॉडेलला हे सोसत नाही. कधी पोलादाचा कारखानाच बुडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या क्रूसिबल या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एस३०व्ही, एस३५व्हीएन, मॅग्नाकट ही सगळी तिचीच पोलादं, त्यामुळे कितीतरी चाकूवाल्यांना आपला साठा मोजत बसावं लागलं.

मुठीचा हिशेब निराळा. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची मूठ साच्यात ओततात. साच्याचा खर्च एकदाच, पण तो दणदणीत. तो १०,००० नगांवर वाटला तर जाणवत नाही, ५०० नगांवर वाटला तर प्रत्येक चाकूवर वीसपट बोजा. उलट जी-१०ची (काचेचं कापड आणि राळ यांच्या थरांच्या फळीची) मूठ मशीनवर कोरायची, तिला साचा लागत नाही, पण एकेक पट्टी कोरायला तेवढी मिनिटं जातातच. म्हणून साच्याचा चाकू खप घसरला की मरतो. कोरीव मुठीचा चाकू कमी खपातही तग धरतो, पण त्याच मशीनवर जास्त नफ्याचं मॉडेल चढवायचं ठरलं की त्याची जागा जाते. नैसर्गिक मुठींचं तर विचारूच नकोस. भारताने शिंगांची निर्यात बंद केल्यावर सांबरशिंगाच्या मुठी जगभर दुर्मिळ झाल्या, आणि त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी हाडाने घेतली.

तू ज्याला ‘नीट बनवलेला’ म्हणतोस, त्या नीटपणातच पुढचं कारण आहे. लाइनर लॉकचा, म्हणजे लाइनरचीच वाकवलेली पट्टी उघडं पातं अडवते त्या लॉकचा, सांधा जवळून बघ. पात्याच्या मागच्या टोकावर, जिथे लॉकची पट्टी येऊन टेकते, तिथे साधारण ७ ते ८ अंशांचा उतार घासलेला असतो. उतार जास्त झाला तर दाब पडल्यावर पट्टी निसटते. कमी झाला तर ती चिकटून बसते आणि अंगठ्याने सरकत नाही. नव्या चाकूत पट्टी पात्याच्या जाडीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात टेकावी, म्हणजे पुढे झिजायला वाव राहतो. हे जुळवायला एका माणसाला चाकू उघडून, मिटून, किंचित घासून, पुन्हा जोडून बघावा लागतो. पाणी देताना पातं केसभर जरी हललं तरी जुळवणी बदलते. मॉडेल जितकं काटेकोर, तितके नग नापास जास्त आणि हाताची मिनिटंही जास्त. ती मिनिटं किमतीत घालावीत तर गिऱ्हाईक बिचकतं, न घालावीत तर नफा जातो. जपानमधल्या सेकी या चाकूंच्या शहरात तर पातं घासणं, पाणी देणं, जोडणं ही कामं पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांकडे असतात. घासणाऱ्याने वयामुळे काम थांबवलं, तर तशीच धार काढणारा दुसरा मिळेलच असं नाही.

विक्रीच्या बाजूला फार रहस्य नाही. चांगला चाकू झिजत नाही, म्हणून तो घेणारा परत येत नाही. दुकानदार पहिल्या वर्षी भरपूर उचलतो, मग जेवढे विकले तेवढेच मागवतो. दरवर्षी जानेवारीत लास वेगासला आणि जूनमध्ये अटलांटाला प्रदर्शनं भरतात, तिथे नवं काहीतरी दाखवावंच लागतं. (कौतुक करणारे हजार आणि पैसे मोजणारे शंभर, हे गणित चाकूंच्या धंद्यात फार जुनं आहे.) कधी कंपनी स्वतःच्याच चाकूची जागा घेते: स्पायडरको या कंपनीचा १९९६चा मिलिटरी हा चाकू लाइनर लॉकचा होता, २०२२ मध्ये कॉम्प्रेशन लॉक या दुसऱ्या प्रकारच्या लॉकचा मिलिटरी २ आला आणि जुन्याला यादीत जागा उरली नाही. कधी मालक बदलतो. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीने २००५ मध्ये वेंगर ही दुसरी स्विस चाकू कंपनी घेतली, २०१३ मध्ये वेंगर हे नाव चाकूंवरून काढायचं ठरवलं. तिचे काही चाकू नव्या नावाने राहिले, बाकीचे गेले. बाहेरच्या डिझायनरचा करार संपला तरी चाकू जातो. कायद्याचाही धक्का बसतो: जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडणारा, लॉकचा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ बाळगून फिरता येत नाही, त्यामुळे तिथे अशा चाकूंचं गिऱ्हाईक आटलं.

आता तू काय करायचंस. आवडीच्या मॉडेलचं पोलाद त्या कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याच चाकूत उरलं नसेल, मुठीचे रंग कमी होत एकावर आले असतील, किंवा फक्त विशेष आवृत्त्याच निघत असतील, तर घ्यायचा असल्यास घेऊन टाक. मात्र बंद झाल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात दुप्पट भावाने दोन-दोन विकत घेऊ नकोस. साचा आणि नकाशे कंपनीकडे असतील तर तोच चाकू वेगळ्या पोलादात छोट्या खेपेने परत येऊ शकतो, स्पायडरको तर हे नेहमी करते. बनवणारा कारखानाच बंद झाला असेल तर मात्र आशा कमी.

वापरलेला घेणार असशील तर आधी पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघ. तो खेळ पिव्होट आवळून बहुधा जातो. मग वर-खाली हलवून बघ. तिथे खेळ असेल तर लॉक किंवा पिन झिजली आहे, स्क्रूने काही होणार नाही. लॉकची पट्टी पलीकडच्या लाइनरला टेकली असेल तर सोडून दे. पात्याची उंची मूळ मापाशी ताडून बघ. सहाणेवर फार घासलेल्या पात्याची धार मागच्या जाड भागात गेलेली असते, ते दिसायला तीक्ष्ण पण कापायला जड जातं.

आणि हातात आहे तो चाकू सांभाळायचा तर सुटे भाग आत्ताच माग. उत्पादन थांबलं की कंपनीकडे उरलेले भाग दुरुस्तीत हळूहळू संपतात. क्लिप, तिचे स्क्रू, पिव्होट, वॉशर. अ‍ॅक्सिस लॉक (सरकत्या आडव्या दांडीचा लॉक) असेल तर ती दांडी ढकलणाऱ्या ओमेगा स्प्रिंगची जोडी. दोन्हीकडे एकेक असते, एक तुटली तरी चाकू चालतो आणि म्हणूनच तुटल्याचं उशिरा कळतं. सोडवताना टी६, टी८, टी१० या चांदणीच्या आकाराच्या बिटांमधला नेमका बिट घे आणि पूर्ण आत दाबून फिरव. स्क्रू हलत नसेल तर आटे चिकटवलेले आहेत असं समज, सोल्डरिंगची तापलेली सळई स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकव आणि मग फिरव. मूठ नायलॉनची असेल तर सळई तिला लागू देऊ नकोस, ती वितळते आणि तशी मूठ आता कोणी बनवत नाही.

तुझा,
एक जुना चाकूवाला