बेसवादकाविना रॉक बँड

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील मित्र गिटार, कीबोर्ड आणि ड्रमवर रॉक वाजवतो. बेस गिटार (खालच्या स्वरांची गिटार) वाजवणारा मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला. दुर्गोत्सवातील कार्यक्रम बेसशिवाय करावा काय?

उत्तर : अवश्य करावा. बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि गिटारचा ८२ हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक वरचा. ही खालची जागा रिकामी राहिली की ड्रम आणि गिटार एकमेकांपासून सुटल्यासारखे वाटतात. ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडच्या मंचीय कार्यक्रमांत कीबोर्डवादक रे मॅन्झारेक डाव्या हाताने कीबोर्ड-बेस वाजवीत, आणि तुमच्याकडे कीबोर्ड असल्याने मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. मात्र डाव्या हाताने सुरुवातीला केवळ कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) मूळ स्वर, तेही पायाने वाजवायच्या किक ड्रमच्या ठोक्याशी जुळवून वाजवावेत; तिथे पूर्ण कॉर्ड दाबले, तर मंडपातील मोठ्या बॉक्समधून नुसता घुमारा ऐकू येईल. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या दोघांच्याच रॉक बँडने तर केवळ गिटार आणि ड्रमवर मैफली गाजवल्या. ध्वनिचाचणीच्या वेळी तुमच्यापैकी एकाने मैदानाच्या शेवटच्या टोकाला उभे राहून ऐकावे, कारण खालचे स्वर मंचावर नीट कळत नाहीत.