बॉक्स ऑफ मँगो की मँगोज?

‘अ बॉक्स ऑफ मँगो’ म्हणायचं की ‘मँगोज’, असा प्रश्न आलाय. मँगोज. पेटी, पोतं, पाकीट अशा शब्दांपुढे ‘ऑफ’नंतर मोजता येणारी वस्तू आली की ती अनेकवचनी, मग पेटी एकच का असेना. क्रियापद मात्र पेटीप्रमाणे चालतं, म्हणून ‘इज’. मिल्क, शुगर, राईस यांचा प्रश्नच येत नाही.

‘पॅकेट ऑफ बिस्किट’, ‘ट्रे ऑफ एग’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. आपण आंब्याची पेटी, कांद्याचं पोतं म्हणतो, तेच एकवचन इंग्रजीत जातं. ‘डबा एक म्हणून नामही एक’ असं शिकवणाऱ्यांनी हा नियम घरी बनवला आहे. इंग्रजीत तो नाही. ‘मँगो बॉक्स’मध्ये एकवचन बरोबर, पण त्याचा अर्थ आंब्यांसाठीची पेटी, मग ती रिकामी का असेना.

खरी मजा मटारात आहे. आज एक दाणा ‘पी’ आणि अनेक दाणे ‘पीझ’. पण जुना शब्दच मुळी ‘पीझ’ होता, आणि तो एकवचनी! शेवटचा ‘झ’ मूळ शब्दातला. सतराव्या शतकात लोकांनी तो अनेकवचनाचा प्रत्यय समजून छाटला आणि ‘पी’ जन्माला आला. ‘पीझ पुडिंग’ या मटाराच्या इंग्रजी पदार्थाच्या नावात जुनं रूप अजून शाबूत आहे. त्याच्याही मागे लॅटिन ‘पिसुम’चं अनेकवचन ‘पिसा’, जे पुढे एकवचन म्हणून वापरात आलं. म्हणजे या दाण्याचं वचन दोनदा फिरलं.

कोशकार म्हणतात, शेवटच्या ‘झ’मुळे गैरसमज झाला. एवढ्यावर कसं भागेल? ‘चीझ’चा शेवटही तसाच, मग ‘ची’ कुणी का काढला नाही? माझ्या मते दोष मापाचा आहे. मटार मापाने विकला जाई, ‘अ पेक ऑफ पीझ’ (पेक हे धान्य मोजायचं जुनं इंग्रजी माप). तिथे शब्दाला ना ‘अ’ लागतो, ना क्रियापद जुळवावं लागतं. वचन ओळखायला खूणच उरत नाही. ऐकणाऱ्याला मापात सुटे दाणे दिसतात, आणि कान ‘झ’ला अनेकवचन ठरवतो. चीझचे दाणे पडत नाहीत, म्हणून ते वाचलं.

‘चेरी’ तर याआधीच अशी घडली होती: नॉर्मन फ्रेंचमधली ‘चेरीझ’, शेपूट कापलेली. आणि चेरीही कुणी एकेक विकत घेत नाही.