जुनी युक्रेनियन फाईल उघडताना

सगळ्यात आधी फाईल सेव्ह करू नकोस. कॉपी काढ आणि कॉपीवरच खेळ. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसली आणि तू सेव्ह केलंस, की मूळ बाइट (अक्षरांसाठी फाईलमध्ये साठवलेले आकडे) गेले. मग कोणीही परत आणू शकत नाही. मी एकदा पत्रांचा अख्खा फोल्डर असा घालवलाय.

आता पडद्यावरच्या कचऱ्याकडे, म्हणजे बिघडलेल्या अक्षरांकडे, नीट बघ. फाईलचं एन्कोडिंग (कोणत्या अक्षराला कोणते बाइट, हे ठरवणारा तक्ता) कुठलं, याचं उत्तर त्यातच असतं. विंडोज-१२५१ (युक्रेनियन-रशियन लिपीसाठीचं विंडोजचं जुनं एन्कोडिंग) मध्ये उघडल्यावर दर दुसरं अक्षर इंग्रजी पी किंवा सी सारखं दिसतंय? मग ती यूटीएफ-८ (सगळ्या लिपींसाठीचं आजचं एन्कोडिंग) आहे. सगळं कॅपिटलमध्ये बरळल्यासारखं, आणि मधूनमधून कायद्याच्या पुस्तकात कलमाला असते ती खूण? मग केओआय८-यू, युक्रेनियनसाठीचं जुनं एन्कोडिंग. त्यात स्मॉल आणि कॅपिटलच्या जागा विंडोजच्या उलट आहेत, आणि युक्रेनियन 'यी' अक्षराचा बाइट विंडोजमध्ये नेमकी ती खूण दाखवतो.

केओआय८-आर मात्र निवडू नकोस. तो रशियनसाठीचा. मजकूर जवळजवळ बरोबर दिसतो, म्हणूनच फसायला होतं; 'इ', 'यी', 'ये' यांच्या जागी चौकटीच्या रेघा येतात. आयएसओ ८८५९-५ या आणखी एका जुन्या एन्कोडिंगमध्ये हे तिन्ही आहेत, पण 'ग' उच्चाराचं 'गे' नाही. सोव्हिएत काळात, १९३३ मध्ये, ते वर्णमालेतूनच काढलं होतं. १९९० मध्ये परत आलं.

एन्कोडिंग ओळखलंस की आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमने यूटीएफ-८ करून घे. एकदाच. दोनदा केलंस तर पुन्हा तोच कचरा, दुप्पट लांबीचा.